टेलिफोनच्या खांबांचा स्टुडिओ

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात मिसुरी नदीच्या काठी ग्रेट फॉल्स नावाचे गाव आहे. लोकवस्ती साठ हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या ठिकाणाएवढी. या गावाच्या जुन्या निवासी भागात एक दुमजली लाकडी घर आहे. घराला खेटून ओंडक्यांची एक बसकी खोली आणि पलीकडे संग्रहालयाची आधुनिक इमारत. दालनांमध्ये चित्रे आहेत, ब्राँझची शिल्पे आहेत, रेखाटनांनी भरलेली पत्रे आहेत. तरीही पाहणारा रेंगाळतो तो त्या ओंडक्यांच्या खोलीत. हे ओंडके मुळात टेलिफोनच्या तारांसाठी आणलेले खांब. ज्या चित्रकाराला टेलिफोन, मोटार, तारेचे कुंपण यांच्याविषयी आयुष्यभर अढी राहिली, त्याचा स्टुडिओ टेलिफोनच्या खांबांनी उभा राहावा हा योग गमतीचाच म्हणायला हवा.

हा चित्रकार म्हणजे चार्ल्स मॅरियन रसेल. अमेरिकेत त्याला आजही चार्ली रसेल याच नावाने ओळखतात. वेस्टर्न आर्ट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर युरोपची चित्रकला येते. अमेरिकेत मात्र या शब्दांना दुसरा, अधिक नेमका अर्थ आहे. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील माळराने आणि पर्वत, तेथील गुराखी, घोडे, बायसनचे कळप आणि मूळ अमेरिकी जमाती यांना विषय करणारी ती कला. या कलेची जी दोन नावे सर्वप्रथम घेतली जातात, त्यांपैकी एक फ्रेडरिक रेमिंग्टन आणि दुसरे रसेल. रेमिंग्टन पूर्वेकडचा, येल विद्यापीठात काही काळ शिकलेला; पश्चिमेकडे तो जाऊन येऊन असे. रसेल तेथे राहिला. दोघांच्या चित्रांतील फरकाचे मूळ पुष्कळसे येथेच आहे.

रसेलचा जन्म १९ मार्च १८६४ रोजी सेंट लुईस येथील एका सुस्थितीतील कुटुंबात झाला. वडिलांचा भट्टीच्या विटांचा कारखाना होता. मुलाने शिकावे आणि पुढे व्यवसायात लक्ष घालावे, अशी साधीसरळ अपेक्षा. मुलाचे मन मात्र शाळेत कधीच रमले नाही. वह्यांच्या समासांत घोडे आणि योद्धे उमटत आणि हाताशी माती लागली की तिचे प्राणी होत. आजीचा भाऊ विल्यम बेंट हा सरहद्दीवरचा नामांकित व्यापारी. त्याच्या कहाण्या घरात सांगितल्या जात. सेंट लुईस हे तर पश्चिमेकडे निघणाऱ्यांचे दारच. धक्क्यावर फरचे व्यापारी, शिकारी, बोटवाले यांची वर्दळ असे. न्यू जर्सीतील लष्करी शिस्तीच्या शाळेत पाठवूनही काही फरक पडला नाही, तेव्हा वडिलांनी हार मानली. एकदा तिकडचे कष्ट पाहिले की पोरगा मुकाट्याने परत येईल, असा त्यांचा हिशेब असावा. १८८० च्या वसंतात, सोळाव्या वाढदिवसाच्या सुमारास, चार्ली मोंटानात पोहोचला. वडिलांचा हिशेब चुकला.

पहिली नोकरी मेंढ्या राखण्याची. ती त्याला अजिबात जमली नाही आणि मालकालाही त्याच्या जाण्याचे दुःख झाले नाही. त्यानंतर जेक हूव्हर नावाच्या शिकाऱ्याने त्याला आपल्याबरोबर डोंगरात नेले. सुमारे दोन वर्षे तो हूव्हरबरोबर राहिला. प्राणी कसा चालतो, घाबरला की मान कशी वळवतो, कातडीखाली स्नायू कोठे असतात हे त्याला कोणत्याही कलाशाळेत इतके नीट शिकायला मिळाले नसते. १८८२ पासून तो ज्युडिथ खोऱ्यात गुराख्यांच्या ताफ्यात दाखल झाला. काम होते रात्रीच्या राखणीचे. ताफा झोपला की घोडे आणि गुरे बुजून उधळू नयेत म्हणून रात्रभर त्यांच्याभोवती फिरायचे, गाणी गुणगुणत त्यांना धीर द्यायचा. दोर टाकण्यात किंवा घोडा काबूत आणण्यात आपण फारसे कसबी नव्हतो, अशी कबुली रसेल पुढे स्वतःच देत असे. रात्रपाळीचा त्याला एक मोठा लाभ झाला. दिवस मोकळा मिळे. इतर राबत असताना हा कडेला बसून त्यांना पाहत असे आणि कागदावर उतरवीत असे.

तो मोंटानात आला ती वेळ लक्षात घेतली पाहिजे. तो आला त्यानंतर तीन-चार वर्षांतच उत्तरेकडील माळावरचे बायसनचे कळप जवळजवळ नामशेष झाले. त्यांच्यावर जगणाऱ्या जमाती उपासमारीने खचून राखीव क्षेत्रांत कोंडल्या गेल्या. रेल्वे येऊ लागली होती. बायसनच्या जागी गुरे आणि मूळ रहिवाशांच्या जागी गोरे पशुपालक हा बदल त्याच्या डोळ्यांदेखत घडला. त्या बदलात तोही एक नोकरदार होता, हे विसरून चालत नाही.

पशुपालकांच्या भरभराटीलाही फार आयुष्य लाभले नाही. १८८६-८७ चा हिवाळा मोंटानाच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. आधीच्या उन्हाळ्यात पाऊस कमी, चारा अपुरा, कुरणांवर गुरांची दाटी. त्यावर बर्फाचे थर चढले आणि मधूनच वितळून पुन्हा गोठल्याने त्यांचे कवच बनले. गुरांना खुराने उकरूनही गवत मिळेना. रसेल तेव्हा ओएच नावाच्या रँचवर मुक्कामाला होता. हेलेना शहरात राहणाऱ्या मालकाचे विचारणापत्र आले की कळपाची काय अवस्था आहे. रँचचा व्यवस्थापक जेसी फेल्प्स उत्तर लिहायला बसला आणि रसेलने पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर जलरंगात एक चित्र काढून दिले. बर्फात पाय रोवून उभी असलेली एकच गाय, बरगड्या मोजता येतील अशी, पाठीला बाक आलेली. आजूबाजूला तिच्या कोसळण्याची वाट पाहणारे लांडगे. चिनूक म्हणजे पर्वतावरून येणारा कोरडा, उबदार वारा, जो काही तासांत बर्फ वितळवतो. त्या वाऱ्याची ती गाय वाट पाहत आहे, म्हणून चित्राचे नाव ‘वेटिंग फॉर अ चिनूक’. फेल्प्सने हे चित्र पाहिल्यावर वेगळे पत्र लिहिण्याची गरज उरली नाही, असे सांगतात.

हेलेनात ते चित्र हातोहात फिरले, दुकानात मांडले गेले, त्याच्या प्रती निघाल्या. तेविशीतल्या रात्रीच्या राखणदाराचे नाव एकाएकी सर्वतोमुखी झाले. चित्रकलेच्या दृष्टीने पाहिले तर ते साधेच आहे. रसेलची पुढची चित्रे रेखाटनात आणि रंगात कितीतरी सरस आहेत. परंतु त्या हिवाळ्यात किती गुरे मेली याचे जे आकडे नंतर मांडले गेले, त्यांतील एकही आकडा त्या एका गायीइतका लोकांच्या लक्षात राहिला नाही.

१८८८ मध्ये रसेल कॅनडातील अल्बर्टा प्रांतात ब्लड जमातीच्या सान्निध्यात काही काळ राहिला. हाताच्या खुणांची भाषा त्याने शिकून घेतली. त्यांचे पोशाख, खोगिरे, तंबूंतील मांडणी, घोड्यावर बसण्याची ढब यांचे बारकावे त्याच्या चित्रांत आले ते या ओळखीतून. त्याची दृष्टीही बदलली. रेमिंग्टनच्या अनेक चित्रांत पाहणारा घोडदळाच्या बाजूला उभा असतो. रसेलच्या चित्रांत तो बहुधा पलीकडच्या बाजूला, टेकडीवरून गोऱ्यांच्या गाड्यांची रांग न्याहाळणाऱ्या योद्ध्यांमध्ये असतो.

१८९३ मध्ये त्याने गुराख्याचे काम सोडले आणि चित्रकार म्हणूनच जगायचे ठरविले. ठरविले म्हणणे सोपे. हिशेबाच्या बाबतीत हा गृहस्थ पार कच्चा. चित्रे मित्रांना वाटून टाकावीत, दारूच्या दुकानात उधारीपोटी द्यावीत, मागेल त्याला मागेल त्या किमतीत विकावीत, असा सारा कारभार. हे असेच चालले असते तर रसेल हे नाव मोंटानातील काही जुन्या दारूगुत्त्यांच्या आठवणींपुरते उरले असते.

१८९५ मध्ये कॅस्केड नावाच्या खेड्यात एका मित्राच्या घरी त्याला नॅन्सी कूपर भेटली. आई क्षयाने वारलेली, सावत्र बाप सोडून गेलेला, आणि ही मुलगी त्या घरी कामाला राहिलेली. पुढल्या वर्षी सप्टेंबरमध्ये दोघांचे लग्न झाले तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि तो बत्तीस. संसार सुरू झाला एका खोलीत. १८९७ मध्ये त्यांनी ग्रेट फॉल्सला बिऱ्हाड हलविले आणि १९०० मध्ये आज उभे असलेले घर बांधले. नॅन्सीचे शालेय शिक्षण बेताचे, पण व्यवहाराची जाण उपजत. चित्राची किंमत ती सांगू लागली. आकडा ऐकून रसेल ओशाळत असे. अशा किमती मेलेल्या चित्रकारांच्या चित्रांना शोभतात, असे त्याला वाटे. ग्राहक मात्र पैसे मोजत. सकाळी रसेलने कामाला बसावे आणि मित्रांनी दुपारपर्यंत फिरकू नये, असा दंडकही तिनेच घातला. साहजिकच जुने सवंगडी तिच्यावर नाराज राहिले. रसेलच्या चरित्रकथांत नॅन्सीकडे कधी कठोर, कधी पैशाची लोभी म्हणून बोट दाखविले जाते. अठराव्या वर्षी दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या मुलीला पैशाचे मोल कळत होते, यात दोष कोणता? तिच्यावाचून १९११ चे न्यूयॉर्कमधील प्रदर्शन झाले नसते आणि १९१४ चे लंडनमधीलही नाही.

टेलिफोनच्या खांबांची ती खोली १९०३ मध्ये घराशेजारी बांधली गेली. कल्पना नॅन्सीची. ओंडक्यांच्या खोलीची हौस रसेललाही होती, पण शेजाऱ्यांच्या नीटनेटक्या घरांच्या रांगेत असे खोपटे उभे राहताना पाहून तो बिथरला आणि काम पुरे होईपर्यंत तिकडे फिरकेना. अखेर शेजारी अल्बर्ट ट्रिग यांनी त्याला गोडीगुलाबीने आत नेले, खोलीची वाखाणणी केली, आणि त्याचा विरोध विरघळला, अशी हकिकत सांगितली जाते. त्यानंतर मात्र त्याची जवळजवळ सारी मोठी चित्रे याच खोलीत तयार झाली. भिंतींवर त्याने जमविलेले मण्यांचे पोशाख, मोकॅसिन, खोगिरे, शस्त्रे टांगली. शेकोटीच्या विस्तवावर तो मित्रांसाठी गुराख्यांच्या पद्धतीने स्वयंपाक करी आणि गप्पा मारता मारता हातातल्या मेणाच्या गोळ्याचे अस्वल किंवा घोडा करून पुन्हा मोडून टाकी.

खिडकीबाहेरचे जग त्या भिंतींशी मुळीच जुळणारे नव्हते. ग्रेट फॉल्स हे गाव धबधब्यांच्या जोरावर उद्योगनगरी व्हावे म्हणूनच वसविले गेले होते. नदीवर धरणे झाली, वीज आली, पलीकडच्या तीरावर तांब्याचा कारखाना आणि १९०८ मध्ये ५०६ फूट उंचीची त्याची चिमणी उभी राहिली. रसेलच्या चित्रांतील मोंटाना पाहून ही चिमणी कोठे होती असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर त्या चित्रांत सापडत नाही. तो आठवणीतून काढत होता. त्याचे दोषही त्यातूनच आले: मावळतीचे रंग प्रमाणाबाहेर गडद, गेलेल्या दिवसांतले कष्ट अर्धे विसरलेले, आणि मूळ अमेरिकी माणसे बहुतांशी भूतकाळातच घोड्यावर बसलेली.

तरीही त्याच्या एका कामाबद्दल आवर्जून सांगायला हवे. हेलेना येथील राज्याच्या विधिमंडळात प्रतिनिधीगृहाच्या सभापतींच्या आसनामागे लावण्यासाठी १९१२ मध्ये त्याने एक भव्य चित्र केले. रुंदी सुमारे पंचवीस फूट. ते स्टुडिओत मावेना म्हणून छत उंच करून घ्यावे लागले. विषय १८०५ मधील प्रसंगाचा: लुईस आणि क्लार्क यांची शोधमोहीम सॅलिश जमातीला भेटते तो क्षण. अमेरिकेच्या इतिहासात हे दोघे वीरपुरुष. दुसऱ्या कोणी चित्र काढले असते तर तेच मध्यभागी ध्वज घेऊन उभे राहिले असते. रसेलच्या चित्रात पुढचा सारा भाग सॅलिश घोडेस्वारांनी व्यापला आहे. घोडे दौडत, वळत, मान उडवीत आहेत, आणि लुईस, क्लार्क व त्यांची माणसे बाजूला काहीशी मागे उभी आहेत. ही भूमी कोणाची होती आणि पाहुणे कोण होते, हे कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कायमचे टांगले गेले.

चित्राबाहेरही त्याने या प्रश्नात पाऊल टाकले. त्या काळात मोंटानात चिप्पेवा आणि क्री वंशाचे कित्येक भूमिहीन लोक गावांच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगांजवळ, कडाक्याच्या थंडीत दिवस काढत होते. लेखक फ्रँक लिंडरमन आणि इतर काही मित्रांबरोबर रसेलने त्यांच्यासाठी आवाज उठविला, पत्रे लिहिली, मदत गोळा केली. १९१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एका जुन्या लष्करी तळाच्या जमिनीतून रॉकी बॉय राखीव क्षेत्र निर्माण केले. सर्वांना तेथे जागा मिळाली नाही. वगळल्या गेलेल्यांपैकी लिटल शेल जमातीची कुटुंबे त्यानंतर कित्येक दशके ग्रेट फॉल्सच्या कडेच्या टेकडीवर झोपड्यांत राहिली. त्यांना केंद्र सरकारची मान्यता मिळाली ती डिसेंबर २०१९ मध्ये. रसेलचे संग्रहालय आणि ही टेकडी एकाच गावात आहेत.

उतारवयात रसेलला कीर्ती आणि पैसा दोन्ही लाभले. १९१६ मध्ये दोघांनी एक मुलगा दत्तक घेतला. रसेल त्याच्यासाठी वेडा झाला होता. उन्हाळा ग्लेशियर परिसरातील मॅकडोनाल्ड सरोवराकाठच्या लाकडी घरात जाई, हिवाळ्याचा काही काळ कॅलिफोर्नियात. मोटार घरात आली, पण चालवीत असे नॅन्सी. १९२६ च्या उन्हाळ्यात गलगंडाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा हृदय पार थकल्याचे डॉक्टरांनी त्याला सांगितले. २४ ऑक्टोबर १९२६ रोजी ग्रेट फॉल्सच्या घरी त्याचे निधन झाले. वय बासष्ट. त्या दिवसांत शववाहिकाही मोटारीच्या झाल्या होत्या. तरीही त्याची अखेरची यात्रा घोड्यांच्या गाडीतून निघाली, मागे रिकाम्या खोगिराचा घोडा चालला आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना सारे गाव उभे राहिले.

पुढे काय झाले, हा भाग चरित्रांत बहुधा दोन ओळींत उरकला जातो. नॅन्सी कॅलिफोर्नियात स्थायिक झाली आणि १९४० मध्ये वारली. घर आणि स्टुडिओ गावाच्या ताब्यात आले. स्टुडिओ १९३० मध्ये स्मारक म्हणून खुला झाला. पण मोठी चित्रे होती कोठे? त्यांतील एक उत्तम संग्रह ग्रेट फॉल्समध्येच, मिंट नावाच्या बारच्या भिंतींवर होता. बारचा मालक सिड विलिस हा रसेलचा जुना मित्र. गिऱ्हाईक ग्लास हातात घेऊन ती चित्रे पाहत असे. विलिसने ती विकायला काढली तेव्हा ती मोंटानातच राहावीत म्हणून खटपटी झाल्या, पण पुरेसा पैसा उभा राहिला नाही. १९५२ मध्ये हा संग्रह टेक्सासमधील फोर्ट वर्थचे वृत्तपत्रमालक एमन कार्टर यांच्याकडे गेला आणि १९६१ मध्ये उघडलेल्या त्यांच्या नावाच्या संग्रहालयात तो स्थिरावला. रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर. गावाच्या बारमधली चित्रे पाहायला गावकऱ्यांना आता टेक्सासला जावे लागते.

ग्रेट फॉल्सला संग्रहालय लाभले ते एका शेजारणीमुळे. रसेलला गोडीगुलाबीने स्टुडिओत नेणाऱ्या अल्बर्ट ट्रिग यांची मुलगी जोसेफिन. ती रसेल दांपत्याच्या घरातल्यासारखी. वाढदिवसाला, नाताळला, सहज म्हणून रसेल ट्रिग कुटुंबाला काही ना काही देत राहिला: जलरंगातील चित्रे, शुभेच्छापत्रे, मेणाच्या आणि मातीच्या लहानग्या आकृती. तिने त्यांतले काही टाकले नाही. १९५१ मध्ये तिचे निधन झाले आणि दीडशेच्या आसपास वस्तूंचा हा ठेवा तिने मृत्युपत्राने गावाच्या स्वाधीन केला. अट एवढीच की त्यासाठी स्टुडिओजवळ दालन उभारावे. १९५३ मध्ये ते उघडले. आजच्या संग्रहालयाची सुरुवात ती. मिंटच्या चित्रांना किंमत होती म्हणून ती गेली. शेजाऱ्याला दिलेल्या भेटींना विक्रीचा लेबल कधी लागलाच नाही म्हणून त्या राहिल्या.

पैशाचा प्रश्न त्यानंतरही सुटला नाही. रसेलच्या ‘पीगन्स’ या चित्राला २००५ मध्ये लिलावात ५६ लाख डॉलर मिळाले. अशा बाजारात साठ हजार वस्तीच्या गावाने काय करावे? तरीही १९९० च्या दशकात एल्क्स या मंडळाच्या स्थानिक शाखेकडचे ‘द एक्झॉल्टेड रुलर’ हे चित्र विकले जाणार असे दिसताच गावाने या वेळी वर्गणी जमवली आणि ते राखले. चित्र १९१२ चे आहे. एल्क जातीचा एक नर डोंगराच्या धारेवर, पसरलेल्या शिंगांसह, मान उंचावून उभा आहे.

दालनातून हे चित्र पाहून पाहुणे अंगणातून स्टुडिओकडे येतात. विधिमंडळाच्या चित्रासाठी उंच केलेले छत तेथे आहे. त्याने जमविलेली खोगिरे, मण्यांचे पोशाख आणि रंगकामाचे सामान आहे. नदीपलीकडची तांब्याच्या कारखान्याची चिमणी १९८२ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आली. टेलिफोनचे खांब अजून उभे आहेत.